तिघींचा फोटो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी साडेसातला आमच्या काकूचा फोन आला, की मी समजते, हिला काहीतरी सुचलंय. काकू म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. आम्ही 1970 साली एकत्र मॅट्रिक झालो. पण सदाशिव पेठेतल्या वाड्यात तिने तीसएक वर्षं विद्यार्थ्यांचे डबे केले, येणारा-जाणारा प्रत्येक मुलगा तिला ‘काकू’ म्हणायचा, आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. आमच्यातली तिसरी नर्स होती, ती ‘सिस्टर’. मी शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून मी ‘बाई’. खरी नावं आता फक्त बँकेच्या पासबुकावर उरली आहेत.

तर काकू म्हणाली, “अगं, वाडा डिसेंबरात रिकामा करून द्यायचाय बिल्डरला. आणि मी चालले लेकाकडे, टोरांटोला. परत येईन न येईन. जायच्या आधी आपल्या तिघींचा एक फोटो काढायचा.”

म्हटलं, काढू की. त्यात काय!

“तसा नाही गं. मोबाइल वर धरून दात काढायचे, तसा नको. नीट बसून. काहीतरी गंमत हवी. तुला व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवलाय, तो बघ. आपण तशा बसायचं.”

फोटो उघडला. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला असेल. तीन तरुण मुली. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे आपल्या देशाच्या भरजरी पोशाखात दमास्कसच्या सबात इस्लामबूली. खाली कुणीतरी लिहिलं होतं : ‘1885 साली एकाच वेळी डॉक्टर झालेल्या, आपापल्या देशातल्या पहिल्या तीन महिला!’ आणि पुढे नमस्काराचे सहा हात.

छत्तीस वर्षं खडू हातात धरलेल्या बाईला हे वाचून गप्प बसवत नाही. काकूला मी लगेच उलटा फोन केला, आणि फोटोचं नियोजन राहिलं बाजूला, अर्धा तास आमचा इतिहासाचा तास झाला. तोच आज थोडक्यात तुम्हालाही ऐकवते, कारण पुढची सगळी गंमत त्यातूनच निघाली.

हा फोटो 10 ऑक्टोबर 1885 चा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 1850 साली स्त्रियांसाठी एक वैद्यकीय कॉलेज निघालं होतं, ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’. त्याच्या डीन होत्या रेचल बॉडली, स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्या दिवशी डीनबाईंकडे स्वागतसमारंभ होता आणि त्या निमित्ताने या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात फोटोला बसल्या. त्या वेळी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. तिघी विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती पुढच्या वर्षी, 11 मार्च 1886 ला. केईला 1889 मध्ये आणि सबातला 1890 मध्ये. फोटोखाली तिघींच्या नावांमागे ‘डॉ.’ लागलेलं दिसतं, ते वर्ग सुटल्यावर फळ्यावर कुणीतरी लिहून जावं तसं नंतरचं आहे. एका प्रचलित ओळीत तर आनंदीबाईंचं गाव ‘सेरानीसोर’ असं छापलं गेलंय. ते मुळात सेरामपूर, म्हणजे बंगालमधलं श्रीरामपूर. गोपाळराव जोशी तिथे पोस्टात नोकरीला होते आणि अमेरिकेला निघताना आनंदीबाई तिथूनच निघाल्या. कल्याणात वाढलेली, पुण्याशी नातं असलेली आपली मुलगी परदेशच्या कागदावर बंगालची होऊन बसली, आणि वर त्या गावाच्या नावाचेही असे हाल झाले!

‘पहिल्या’ या शब्दाचंही जरा सांभाळून. ज्या 1886 साली आनंदीबाईंना अमेरिकेत पदवी मिळाली, त्याच साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. जपानमध्ये ओगिनो गिंको यांना 1885 मध्येच सरकारी परवाना मिळाला होता. केई ओकामींचा पहिलेपणा पाश्चात्त्य देशातल्या पदवीचा. यानं कुणी लहान होत नाही. पण आपल्याला ‘पहिला’ म्हटल्याशिवाय कौतुक करता येत नाही, ही एक खोडच आहे.

काकूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. मग किमोनो कुठे मिळेल?”

आम्ही कामाला लागलो. दिग्दर्शन अर्थातच माझ्याकडे आलं, कारण स्नेहसंमेलनं बसवायची मला सवय. वही केली. तारीख ठरवली 10 ऑक्टोबर, तीच तारीख. जागा काकूच्या वाड्याचा चौक. फोटो काढणार माझा भाचा. त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे आणि तो मावशीला नाही म्हणत नाही. आणि कपडे? पुण्यात ड्रेपरी भाड्याने देणारी दुकानं असताना कपड्यांची चिंता कशाला? मी आणि सिस्टर गेलो. दुकानदार भला माणूस. किमोनो म्हणताच त्याने शाळेच्या गॅदरिंगमधल्या ‘जपानी बाहुली’चा झगा काढला, वय वर्षं आठ ते दहा. सिरियाचा पोशाख म्हटल्यावर थोडा विचार करून त्याने ‘अलिबाबा’तली मर्जिना आणली. टिकल्या लावलेली ओढणी आणि फुग्याची सुरवार. सिस्टरने ती ओढणी तोंडावर घेऊन आरशात पाहिलं आणि आम्ही दोघी बाहत्तराव्या वर्षी त्या दुकानात इतक्या हसलो, की त्याने आम्हाला स्टुलं दिली.

घरी येताना रिक्षात सिस्टर एकदम म्हणाली, “बाई, पण हे बरोबर आहे का गं? ती पोरगी खरी होती. मी मर्जिना होऊन बसले, तर तिची थट्टा नाही का होणार?”

हा प्रश्न मला माझ्या वहीत सुचला नव्हता, याची मला जरा लाज वाटली. कारण इतिहासात या प्रश्नाचं फार मोठं गाठोडं आहे.

कॅमेरा आपल्याकडे लवकर आला. मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी’ 1854 साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या काळातले आपले मराठी फोटोग्राफर. पण त्याच काळात कॅमेऱ्याचा एक वेगळा उद्योग सुरू झाला. विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींचे फोटो काढले आणि 1863 व 1866 मध्ये त्यांचे दोन खंड काढले. माणसं एका ठिकाणी उभी करून फोटो घ्यायचे आणि मग त्यांच्यामागे दुसऱ्याच जागेचं दृश्य चिकटवायचं, अशी त्याची युक्ती. आज मुलं मोबाइलवर आयफेल टॉवर मागे लावतात, त्याचे हे आजोबा. पुढे 1868 ते 1875 या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक फोटो. प्रत्येक फोटोखाली जात, जमात, स्वभाव. अमुक लोक विश्वासू, अमुक भांडखोर. 1857 नंतर राज्यकर्त्यांना रयत ओळखून ठेवायची होती, त्या ओळखपरेडीचा हा एक भाग. त्या खंडांत आपल्याकडचे लोक ठेवणीतल्या कपड्यांत दिसतात, पण बहुतेकांना नावं नाहीत. फुलपाखरं टाचणीला लावून ठेवावीत, तशी माणसं.

आता 1885 च्या त्या फोटोकडे परत या. परदेशी मुली, परदेशी पोशाख, अमेरिकन कॅमेरा. वरवर पाहिलं तर तोच प्रकार. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर त्यात थोडा तोच प्रकार होताही. कॉलेजला देणगीदार हवे होते, मिशनऱ्यांना दूरदेशच्या स्त्रियांसाठी डॉक्टर हव्या होत्या. केईला शिकायला मिशनच्या बायकांच्या संस्थेचाच आधार होता. तीन पोशाखांतल्या तीन मुली दाखवणं कॉलेजच्या सोयीचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फरक आहे, आणि तो मला मोठा वाटतो. इथे नावं आहेत, गावं आहेत. आणि निदान आपल्या आनंदीबाईंच्या बाबतीत तरी तो पोशाख त्या दिवसापुरता ड्रेपरीवाल्याकडून आणलेला नव्हता.

साडीसाठी आनंदीबाईंनी किती किंमत मोजली होती ते आठवा. 24 फेब्रुवारी 1883 ला श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची ही मुलगी उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातोय, हे तिने इंग्रजीत सांगितलं. त्यात तिने जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. मग 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट, 4 जूनला न्यूयॉर्क. पुढची सगळी वर्षं तिने मांसाहार केला नाही आणि झगा घातला नाही. पण तिथली थंडी काही सभागृहातली टाळी नव्हे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा तिने शहाणपणाने तोडगा काढला : साडी सोडायची नाही, पण ती गुजराती पद्धतीने नेसायची, म्हणजे पाय झाकले जातात. मला या तोडग्याचं तिच्या पदवीइतकंच कौतुक वाटतं. काकू आपल्या आईची नऊवारी ट्रंकेतून काढून, उन्हं दाखवून तयार ठेवत होती, आनंदीबाई होण्यासाठी. तिला हे सांगितलं तेव्हा ती हिरमुसली. “म्हणजे नऊवारी चुकीची? आणि मी डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून तीन दिवस ती वाळत घातलीय!”

इथे एक सांगायला हवं. या घरात खरे प्रसंग रचायचा शौक आनंदीबाईंना नव्हता, तो गोपाळरावांना होता. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर, ऑक्टोबर 1890 मध्ये, त्यांनी पुण्यात जो प्रयोग लावला त्याला तोड नाही. पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठेवलं, शहरातल्या बड्या मंडळींना बोलावलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झालं, समोर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हलवला. आणि नंतर पाहुण्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली! मिशनऱ्यांच्या घरचा चहा प्यायला म्हणून सनातन्यांनी शंकराचार्यांपर्यंत प्रकरण नेलं, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. एका कपबशीत अख्खं पुणं ढवळून काढलं त्या माणसाने. त्या प्रसंगाचा फोटो असता, तर मी आमच्या तिघींऐवजी तो बसवला असता. पण त्याला माणसं फार लागली असती.

असो. कपड्यांचा प्रश्न तसाच राहिला आणि आम्ही तिघी काकूच्या स्वयंपाकघरात बसलो. सिस्टर म्हणाली, की आनंदीबाई काकूनेच व्हायचं, नऊवारी नाही तर पाचवारी नेस, तुझाच मान आहे. हे ती सहज बोलली. पण त्या घरात ते सहज राहण्यासारखं नव्हतं.

1972 साली इंटर सायन्सला काकूला आमच्या सगळ्यांत जास्त मार्क होते. मेडिकलच्या प्रवेशाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. मी स्वतः तिच्याबरोबर यादी पाहायला गेले होते. बोर्डासमोर इतकी गर्दी, की सिस्टरने वाकून पाठ दिली आणि काकूने तिच्यावर चढून नाव वाचलं. पंधरा दिवसांत घरात ठरलं, की साडेपाच वर्षं फार होतात, धाकट्या दोघींची लग्नं खोळंबतील, आणि स्थळ चांगलं आहे. त्या काळात यात कुणी कुणावर अन्याय करतंय असं कुणाला वाटलं नाही. काकूलाही वाटलं नसावं; वाटलं असेल तर तिने बोलून दाखवलं नाही. सिस्टर नर्सिंगला गेली, मी बी.ए. केलं. काकू या वाड्यात आली आणि काही वर्षांनी तिने गॅसवर पहिलं मोठं पातेलं चढवलं.

सिस्टरच्या बोलण्यावर काकू पोळी लाटता लाटता म्हणाली, “मी नाही तिची खुर्ची घेत. ती दोन महिन्यांची बोट करून गेली. मी लक्ष्मी रस्ता ओलांडला नाही.”

कुणी काही बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली. मग काकूच म्हणाली, “बाई, तू मघाशी काय म्हणालीस? तो पोशाख तिने भाड्याने नव्हता आणला.”

“हो.”

“मग आपण कशाला आणायचा? आपापलाच घालू. तू शाळेत नेसायचीस ती खादीची साडी नेस. सिस्टर आपला गणवेश घालेल. आणि मी गाऊन.”

“गाऊन?”

“गाऊनवर ओढणी. तीस वर्षं मी गाऊनवर ओढणी घेऊन डबे भरले, भाजी आणली, बँकेत गेले. पुण्यातल्या बाईचा याहून खरा पोशाख कोणता?”

तुम्ही हसाल, पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हा मुद्दा बिनतोड वाटला. शंभर वर्षांनी कुणी पेठांमधल्या बाईचा विसाव्या शतकाच्या अखेरचा पोशाख शोधायला निघालं, तर त्याला लग्नाच्या अल्बममधल्या पैठण्याच सापडतील. गाऊनवरच्या ओढणीचा फोटो कुणी काढून ठेवलेला नसेल. ज्यात आपण रोज वावरतो, ते कॅमेऱ्यासमोर आपण कधी जाऊ देत नाही.

माझ्या घरी तर फोटोच नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचं गेलं, आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी शिरलं, तेव्हा आमच्या बिऱ्हाडातली फोटोंची पत्र्याची पेटी गेली. मी आठ वर्षांची होते. आजीचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. फोटोतली तिची खुर्ची आठवते, वेताची, उंच पाठीची. पाणी ओसरल्यावर वडिलांनी चिखलातून एक काच उचलून पुसली होती. काच कोरी होती. काकूचा फोटोचा हट्ट मला पहिल्याच दिवशी मनातून का पटला, त्याचं कारण हे. तिला मी ते सांगितलं नाही, आज इथे सांगते आहे.

ठरल्याप्रमाणे 10 ऑक्टोबरला सकाळी नऊला जमलो. ऊन चौकात साडेनऊच्या सुमाराला उतरतं आणि अकरापर्यंत चांगलं असतं. नंतर ऑक्टोबर हीटमध्ये माणसाच्या कपाळावर नुसता घाम चमकतो. भाच्याने चौकात फिरून पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, उन्हात नको. ओसरीच्या सावलीत बसा, उजेड समोरून येऊ दे.” मागे भिंतीचे पोपडे निघालेले, विजेच्या तारा लोंबणाऱ्या. पडदा हवा. जुन्या स्टुडिओंत राजवाडा नाही तर तळं रंगवलेला पडदा असायचा. जत्रेत तर पुठ्ठ्याच्या विमानात बसायची सोय असे. आमच्याकडे काकूची सोलापुरी चादर होती. तीच खुंटीला बांधली. मोर आले उलटे, पण कुणी बदलायच्या भानगडीत पडलं नाही.

सिस्टरचा गणवेश अंगात जाणं शक्यच नव्हतं. तिने पांढरी साडी नेसली, डोक्यावर जपून ठेवलेली टोपी टाचली आणि छातीला ते उलटं घड्याळ लावलं, नाडी मोजायचं. ते बंद होतं. तिने त्याला किल्ली दिली आणि ते चालू झालं, तेव्हा आमच्यातल्या कुणीही ‘बघा’ असं म्हटलं नाही याचा मला आनंद आहे. मी खादीची साडी आणि डस्टर. काकू फुलाफुलांच्या गाऊनवर पिवळी ओढणी.

बसायचं कसं, यावर मात्र मी मूळ फोटो सोडला नाही. तिघी ओळीत. भाच्याला मी सांगत होते, की आनंदीबाईंच्या फोटोच्या थोडंच आधीपर्यंत फोटोग्राफरला काचेवर ओलं रसायन लावून, ती वाळायच्या आत फोटो घेऊन लगेच धुवावी लागे. मग जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि कामं सोपी झाली. तरी स्टुडिओतल्या उजेडात काही क्षण तरी हलायचं नाही. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार देत. म्हणून त्या काळचे लोक फोटोत गंभीर दिसतात. दुःखी असतात असं नव्हे, नुसते थांबलेले असतात. भाचा म्हणाला, “मावशी, हा सेकंदाच्या दोनशेव्या भागात काढतो. तुम्ही खुशाल हला.”

तरी आम्ही न हलता बसलो. आणि बसल्या बसल्या माझ्या मनात त्या तिघी आल्या.

मधल्या केई त्या दिवशी सव्वीस वर्षांच्या होत्या. परत जाऊन टोकियोच्या जिकेई रुग्णालयात त्या कामाला लागल्या आणि काही वर्षांत ते सोडलं. बाई डॉक्टरने तपासणं सम्राट मेइजींना मान्य झालं नाही, म्हणून सोडलं असं सांगतात. मग त्यांनी आपलं स्वतंत्र काम केलं आणि 1941 पर्यंत जगल्या. उजवीकडची सबात तिघींत लहान, अठराच्या आसपासची. पदवी घेऊन ती दमास्कसला परतली. 1919 मध्ये ती कैरोत असल्याची कॉलेजकडे नोंद आहे. पुढे कॉलेजचा आणि तिचा संबंध तुटला. आणि डावीकडची वीस वर्षांची आनंदी. तिच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा तिची वाट पाहत होती. नोव्हेंबर 1886 मध्ये ती मायदेशी आली ती क्षयाने पोखरलेली, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला इथे, पुण्यात गेली. बावीस पुरी व्हायला महिना राहिला होता. फोटोनंतर तिला साडेसोळा महिने मिळाले. तिची रक्षा तिच्या अमेरिकेतल्या मावशीकडे, थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. पुण्यात गेलेल्या मुलीची समाधी तिकडे, आणि तिचा फोटो आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात. फोटोला बसताना तिघींनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्या फोटोत माणूस रेंगाळतो तो पोशाखांमुळे नव्हे, या ठाऊक नसण्यामुळे. आम्हाला मात्र आमचं बरंचसं ठाऊक होतं. तिकीट 18 डिसेंबरचं होतं.

भाच्याने पंधरा-वीस फोटो काढले. सगळे बरे आले, सगळ्यांत आम्ही मतदारयादीतल्या बायका दिसत होतो. तेवढ्यात दिंडी दरवाज्यातून दोन मुलं आत आली. डबे न्यायला. सोलापुरी चादर, टोपी घातलेली म्हातारी आणि डस्टर धरलेली दुसरी, हे सगळं पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

“काकू, आज सुट्टी आहे का?”

“सुट्टी कसली! भरून ठेवलेत, ओट्यावर आहेत. थांब, तो तुझा नाही, तुझ्यात लसूण नाही घातलेला,” म्हणत काकू अर्धवट उठली, ओढणी सावरत हात लांब केला, सिस्टर तिला खाली ओढत होती आणि मी डस्टर उगारून मुलांना “बाजूला व्हा” म्हणत होते. भाच्याने नेमका तेव्हा बटण दाबलं.

तोच फोटो आम्ही मोठा करून घेतला. तीन प्रती. काकूच्या ओढणीचं टोक हलल्यामुळे जरा पुसट आलंय. सेकंदाचा दोनशेवा भागही तिला पुरला नाही.

मागच्या बाजूला मजकूर मी लिहिला. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. फोटो काढला त्याच आठवड्यात लिहायचं, म्हणजे शंभर वर्षांनी कुणी आपल्याला भलत्या गावचं करत नाही. तारीख, पेठ, वाड्याचा घरक्रमांक. डावीकडून अनुक्रमे नावं, खरी नावं, पासबुकावरची. मग प्रत्येकीचं काम. सिस्टरपुढे लिहिलं, ‘नर्स, निवृत्त’. माझ्यापुढे, ‘शिक्षिका, निवृत्त’. काकूच्या नावापुढे मी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवीत असत.’

काकूने चष्मा लावून ते वाचलं आणि पेन मागितलं.

“‘असत’ काय? उद्या दुपारचे सहा डबे आहेत माझे,” ती म्हणाली. “‘चालवतात’ कर.”